आरोग्यविचार : रोगाचें मूळ गांव

आंतड्याचा कर्करोग म्हटला कीं तो पोटांतच असावयाचा, अशी आपली साहजिक समजूत असते. त्यामुळें पोटाची शस्त्रक्रिया होऊन तीन-चार वर्षें लोटल्यावर एखाद्या गृहस्थांच्या डोक्याच्या कातडीखालीं गांठ आली, पाठीचा कणा दुखूं लागला किंवा हनुवटी बधिर झाली, तर या नव्या दुखण्याचा जुन्या दुखण्याशीं कांहीं संबंध असूं शकेल, हें घरांतील कोणाच्याहि मनांत येत नाहीं. हनुवटीसाठीं दंतवैद्य, कण्यासाठीं हाडांचे डॉक्टर, गांठीसाठीं कातडीचे डॉक्टर, अशा निरनिराळ्या वाटा फुटतात. आणि जुन्या शस्त्रक्रियेचे कागद मात्र कपाटांतच राहतात. कित्येकदां ते मुद्दामच तेथें ठेवलेले असतात, कारण खुद्द रोग्याला रोगाचें नांव सांगितलेलें नसतें. या महिन्यांत आम्ही हा विषय घेतला आहे तो यासाठींच. आंतड्याचा कर्करोग शरीराच्या आडवळणाच्या भागांत कसा जातो, हें जाणणें केवळ जिज्ञासेपुरतें नाहीं. घरांतील कित्येक निर्णय त्यावर अवलंबून असतात.

मोठें आंतडें आणि त्याचें शेवटचें टोंक जो गुदाशय, या दोन भागांच्या कर्करोगाचा आम्ही येथें एकत्र विचार करीत आहों. इ. स. २०२२ मध्यें साऱ्या जगांत या रोगाचे सुमारें १९ लाख नवे रोगी आढळले आणि सुमारें ९ लाख मृत्युमुखीं पडले. पाश्चात्य देशांच्या मानानें आपल्याकडे याचें प्रमाण कमी आहे. परंतु तेवढ्यानें निर्धास्त राहण्याजोगी स्थिति नाहीं. बहुतेक वेळां हा रोग आंतड्याच्या आंतल्या अस्तरावर एखाद्या लहानशा मांसांकुराच्या रूपानें सुरू होतो, आणि त्या अंकुराचा कर्करोग होण्यास सामान्यतः वर्षेंच्या वर्षें लागतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील डॉ. कथबर्ट ड्यूक्स यांनीं इ. स. १९३२ मध्यें गुदाशयाच्या कर्करोगाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : रोग भिंतीच्या आंतच आहे, तो भिंत ओलांडून बाहेर आला आहे, तो जवळच्या लसीकाग्रंथींत पोंचला आहे. पुढें याच पायऱ्यांना चौथी जोडली गेली. ती म्हणजे रोग दूरच्या अवयवांत जाऊन बसणें. दर पांच रोग्यांपैकीं सुमारें एकाला रोगाचें निदान होतें तेव्हांच तो या चौथ्या पायरीवर असतो.

दूर जाऊन बसण्याच्या या क्रियेला डॉक्टर ‘मेटॅस्टॅसिस’ म्हणतात. आपण तिला स्थानांतर म्हणूं. आपल्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत एका अर्बुदावर दुसरें अर्बुद उत्पन्न होतें त्याला ‘अध्यर्बुद’ असें निराळें नांव दिलेलें आहे. म्हणजे एकामागून दुसरी गांठ उद्भवते हें निरीक्षण फार जुनें आहे. परंतु पहिल्या गांठीचेंच बीज रक्तावाटे किंवा लसीकेवाटे प्रवास करून दुसरीकडे रुजतें, हा उलगडा होण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. फ्रेंच वैद्य रेकामिए यांनीं कर्करोगाच्या या प्रवासासाठीं इ. स. १८२९ मध्यें ‘मेटॅस्टॅसिस’ हा शब्द योजला, आणि तोच रूढ झाला.

आतां या प्रवासाचे राजमार्ग पाहूं. आंतड्यांतून निघालेलें रक्त थेट हृदयाकडे जात नाहीं. अन्नाचा रस घेऊन तें प्रथम एका मोठ्या शिरेनें यकृतांत जातें. स्वयंपाकघरांत येणारा भाजीपाला आधीं निवडून घ्यावा तसा तो रस यकृतांत निवडला जातो, आणि मगच रक्त पुढें जातें. आंतड्यांतील गांठीपासून सुटलेल्या पेशी याच प्रवाहांत असल्यामुळें पहिली चाळण त्यांना यकृताची लागते; म्हणून या रोगाचें सर्वांत नेहमींचें दुसरें ठिकाण यकृत हेंच आहे. यकृतांतून निसटलेल्या पेशींना पुढची चाळण फुप्फुसांची लागते. गुदाशयाच्या अगदीं खालच्या भागाचें बरेंचसें रक्त मात्र यकृताला वळसा घालून हृदयाकडे व तेथून फुप्फुसांकडे जातें. म्हणून गुदाशयाचा रोग कधीं कधीं यकृत मोकळें ठेवून प्रथम फुप्फुसांतच दिसतो. तिसरी वाट पोटांतल्या पोटांतच आहे. आंतड्याची भिंत पार करून आलेल्या पेशी पोटाच्या आंतील पातळ पडद्यावर विखुरतात आणि तेथें रुजतात. यकृत, फुप्फुसें, उदराचा पडदा आणि जवळच्या लसीकाग्रंथि हीं या रोगाचीं नेहमींचीं बिऱ्हाडें होत.

परंतु एवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. सगळें रक्ताच्या प्रवाहावर अवलंबून असतें, तर ज्या अवयवांत रक्त अधिक त्यांत रोगहि अधिक आढळला असता. लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांना हाच प्रश्न पडला. त्यांनीं स्तनाच्या कर्करोगानें मृत्यु पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, आणि कांहीं अवयवांवर हा रोग जणूं लोभ धरतो, तर कांहींकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, असें त्यांना आढळलें. यकृतांत गांठी वारंवार दिसत होत्या, प्लीहेंत मात्र क्वचितच. इ. स. १८८९ मध्यें ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत त्यांनीं आपला निष्कर्ष मांडला तो थोडक्यांत असा : बीज वाऱ्यावर चोहोंकडे उडतें, पण जेथें जमीन मानवते तेथेंच तें रुजतें. यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं, इ. स. १९२८ मध्यें, अमेरिकेचे जेम्स युइंग यांनीं याच्या उलट बाजू मांडली. रक्त व लसीका यांचा प्रवाह जिकडे नेईल तिकडे रोग जाईल, यापलीकडे निराळें गूढ नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. आज दोन्ही मतें आपापल्या परीनें खरीं ठरलीं आहेत. पहिली पायरी बहुधा प्रवाह ठरवितो, आणि तेथें टिकाव लागेल कीं नाहीं हें जमीन ठरविते. इ. स. १९७० मध्यें आयझाया फिडलर यांनीं उंदरांच्या रक्तांत कर्करोगाच्या खुणा केलेल्या पेशी सोडल्या, तेव्हां एका दिवसानंतर त्यांतील शेंकडा एकाहूनहि कमी जिवंत उरल्या होत्या. रक्तांत शिरलेल्या बहुतेक पेशी मरतात, ही आपल्या शरीराची केवढी मोठी रखवाली आहे! दुर्दैवानें थोड्या उरतात, आणि त्यांतील एखादी पुरेशी होते.

मग हा रोग यकृत व फुप्फुसें सोडून आडवाटेनें जातो तो कसा? यांतील एका वाटेचा शोध इ. स. १९४० मध्यें फिलाडेल्फियाचे शरीरशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनीं लावला. पाठीच्या कण्याभोंवतीं शिरांचें एक जाळें ओटीपोटापासून थेट कवटीपर्यंत गेलेलें आहे. इतर शिरांना असतात तशा झडपा या जाळ्याला नसतात. म्हणून खोकतांना, कुंथतांना किंवा जड वस्तु उचलतांना पोटांतला दाब वाढला कीं यांतील रक्त उलट दिशेनेंहि वाहूं शकतें. बॅटसन यांचें लक्ष मुख्यतः पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाकडे होतें. परंतु गुदाशयहि त्याच ओटीपोटांत असल्यामुळें, त्याचा रोग कधीं कधीं कण्याच्या मणक्यांत, कमरेच्या हाडांत आणि क्वचित् मेंदूंत एकाएकीं कां दिसतो, याचें एक कारण येथें सांपडतें. आंतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांपैकीं मेंदूंत रोग जाणारे एक ते तीनच असतात, आणि बहुधा त्यांच्या फुप्फुसांतहि रोग आधींच असतो. पण एखाद्या वृद्ध रोग्याचा तोल जाऊं लागला, नवी डोकेदुखी पहांटे उठतांना सतावूं लागली, तर ‘वय झालें’ म्हणून गप्प बसूं नये.

दुसरी आडवाट लसीकेची. सर्व पोटांतील लसीका एका बारीक नळीनें वर चढून मानेच्या डाव्या बाजूस रक्तांत मिसळते. म्हणून पोटांतील कर्करोगाची खूण कधीं डाव्या हांसळीच्या हाडावर टणक गांठीच्या रूपानें उमटते. जर्मनीचे रुडॉल्फ फिरखो यांनीं इ. स. १८४८ मध्यें या गांठीकडे लक्ष वेधलें, आणि ती आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

याहून मनोवेधक हकीकत बेंबीच्या गांठीची आहे, आणि आमच्या वाचकभगिनींना ती विशेष आवडेल. अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतांत रॉचेस्टर येथें सेंट मेरीज् नांवाचें रुग्णालय आहे. तेथें सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी या संन्यासिनी परिचारिका डॉ. विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियेंतील पहिल्या साहाय्यक होत्या; इ. स. १८९२ पासून पुढें रुग्णालयाचा सर्व कारभारहि त्याच पाहत. शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याचें पोट धुऊन स्वच्छ करतांना त्यांच्या बोटांना एक गोष्ट वारंवार जाणवली : ज्यांच्या बेंबीशीं एक घट्ट, बटणासारखी गांठ लागते, त्यांच्या पोटांत कर्करोग फार पसरलेला निघतो. त्यांनीं ही गोष्ट डॉ. मेयो यांच्या कानांवर घातली, आणि मेयो यांनीं इ. स. १९२८ मध्यें ती प्रसिद्ध केली. इंग्लंडचे शस्त्रवैद्य हॅमिल्टन बेली यांनीं इ. स. १९४९ मध्यें आपल्या ग्रंथांत तिला ‘सिस्टर मेरी जोसेफ यांची गांठ’ असें नांव दिलें. पण तो सन्मान पाहण्यास त्या बाई हयात नव्हत्या. त्या आणि डॉ. मेयो दोघेंहि इ. स. १९३९ मध्येंच निवर्तलीं होतीं. जठर, आंतडें, स्वादुपिंड आणि बीजकोश या अवयवांचे कर्करोग बेंबीपर्यंत येऊं शकतात. रोज रोग्याला न्हाऊं-माखूं घालणाऱ्या हातांना जें कळतें तें कधीं कधीं मोठ्या वैद्यालाहि प्रथम कळत नाहीं, हें घरांत शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येक सुनेनें व मुलीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

स्त्रियांच्या बाबतींत आणखी एक जागा सांगितली पाहिजे. आंतड्याचा कर्करोग बीजकोशांत जातो, आणि तेथें त्याची गांठ मूळ गांठीहून कितीतरी मोठी वाढूं शकते. मग पोट वाढलेलें दिसतें, बीजकोशाचाच रोग असावा असें वाटतें, आणि आंतड्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. जर्मनीचे फ्रीड्रिश क्रुकेनबर्ग यांनीं इ. स. १८९६ मध्यें अशा गांठींचें वर्णन केलें, तेव्हां त्यांनींहि त्या मूळच्या बीजकोशाच्याच मानल्या होत्या; त्या दुसरीकडून आलेल्या असतात, हें मागाहून ठरलें. ज्यांतील पेशी खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात असा एक प्रकार या रोगांत आहे. तो तरुण रोग्यांत अधिक, आणि पाश्चात्यांपेक्षां आपल्या देशांत अधिक आढळतो. उदराच्या पडद्यावर व बीजकोशांत पसरण्याकडे त्याचा कल विशेष असतो. म्हणून हा म्हाताऱ्यांचाच रोग, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

याखेरीज कातडी, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, थायरॉइड ग्रंथि, जबडा, स्तन, प्लीहा, स्नायु आणि हृदय येथेंहि हा रोग गेल्याचीं उदाहरणें वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेलीं आहेत. तीं विरळा आहेत. शरीराचा केवढा तरी मोठा भाग स्नायूंचा असूनहि त्यांत रोग क्वचितच रुजतो. स्नायूंची सततची हालचाल आणि त्यांत उत्पन्न होणारें आम्ल पेशींना मानवत नसावें, असा तर्क आहे. पूर्वीपेक्षां अशीं उदाहरणें आज अधिक कानांवर येतात. त्याचें एक कारण चांगलें आहे : औषधोपचार सुधारल्यामुळें रोगी अधिक वर्षें जगतात. तेवढ्या काळांत मागें राहिलेल्या पेशींना दूरवर जाण्यास अवसर मिळतो, आणि नव्या यंत्रांनीं त्या दिसतातहि.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आंतड्याच्या कर्करोगाची पेशी मेंदूंत गेली म्हणून तो मेंदूचा कर्करोग होत नाहीं, आणि यकृतांत गेली म्हणून यकृताचा होत नाहीं. माणसानें मुंबईस किंवा परदेशीं बिऱ्हाड केलें म्हणून त्याचें गोत्र बदलत नाहीं, तसेंच हें आहे. गांठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तर हाडांत बसलेली ती पेशीहि आंतड्याच्या अस्तरासारखीच रचना करूं पाहत असते. शंका उरल्यास तिच्या अंगच्या खुणा तपासतात. ‘सायटोकेरॅटिन-२०’ व ‘सीडीएक्स-२’ हीं द्रव्यें आहेत, आणि ‘सायटोकेरॅटिन-७’ नाहीं, असें आढळलें म्हणजे तिचें मूळ गांव बहुधा आंतडें असें ठरतें. हें ठरविण्यांतच रोग्याचें हित आहे, कारण औषध राहत्या ठिकाणावरून नव्हे, मूळ गांवावरून योजावें लागतें. थायरॉइडमधील गांठ आंतड्याची असेल, तर तिला थायरॉइडच्या रोगाचें औषध देऊन काय उपयोग? आणि उलट पक्षीं, जुना रोगी आहे म्हणून प्रत्येक नवी गांठ स्थानांतराचीच, असेंहि धरून चालूं नये. ती साधी चरबीची गांठ असूं शकेल, किंवा अगदीं निराळा, बरा होण्याजोगा रोगहि असूं शकेल. तुकडा तपासल्यावांचून दोन्ही बाजूंनीं घाई नको.

स्थानांतर झालें म्हणजे सर्व संपलें, असेंहि नाहीं. यकृतांत मोजक्याच गांठी असल्या आणि त्या शस्त्रक्रियेनें पूर्णपणें काढतां आल्या, तर अशा शंभर रोग्यांपैकीं तीस ते पन्नास पांच वर्षांनंतरहि जिवंत असतात, आणि त्यांतील कांहीं कायमचे बरे होतात. फुप्फुसांतील एखाद-दुसऱ्या गांठीबाबतहि अशीच आशा धरतां येते. हाड, मेंदू, कातडी अशा आडवळणीं जागीं रोग दिसला, तर मात्र तो बहुधा इतरत्रहि पसरलेला असतो. तेव्हां उपचारांचा हेतु आयुष्य लांबविणें आणि दुःख कमी करणें हा असतो. अमेरिकेतील आंकड्यांप्रमाणें रोग आंतड्यापुरताच असतांना सांपडला, तर शंभरांतील नव्वद रोगी पांच वर्षांनंतर हयात असतात. दूर पसरल्यावर सांपडला, तर सुमारें पंधरा. शौचावाटे रक्त पडलें कीं ‘मूळव्याधच असेल’ म्हणून वर्ष काढणें किती महाग पडतें, हें या दोन आंकड्यांवरून दिसून येईल.

यापुढें प्रश्न वैद्यकाचा कमी आणि घराचा अधिक आहे. समजा, एका मोठ्या कुटुंबांतील वडील बंधूंची चार वर्षांपूर्वीं आंतड्याची शस्त्रक्रिया झाली. ‘आंतड्याला पीळ पडला होता’ असें त्यांना सांगण्यांत आलें. मुलींच्या लग्नांत अडचण नको म्हणून ही गोष्ट धाकट्या भावांनाहि कळूं दिली नाहीं. आज त्यांची पाठ दुखते. ते एकटेच हाडांच्या डॉक्टरांकडे जातात आणि ‘पूर्वीं कांहीं आजार?’ या प्रश्नाला अगदीं प्रामाणिकपणें ‘नाहीं’ असें उत्तर देतात. प्रेमापोटीं केलेली लपवालपवी त्यांच्याच अंगाशीं येते. मणक्यांतील गांठ मज्जारज्जूवर दाबूं लागली, तर पाय कायमचे लुळे पडण्यापूर्वीं उपाय करण्यास थोडासाच अवधि मिळतो; तो अवधि शेक-लेपांत निघून जातो.

या लपवालपवींत नुकसान धाकट्या भावांचेंहि होतें. ज्याच्या आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला आहे, त्याला तो होण्याचा संभव इतरांच्या सुमारें दुप्पट असतो. अशांनीं चाळिसाव्या वर्षीं, किंवा घरांतील रोग्याला ज्या वयांत रोग झाला त्याच्या दहा वर्षें आधीं, या दोहोंपैकीं जें लवकर येईल तेव्हां दुर्बिणीनें आंतड्याची तपासणी करून घ्यावी, असा वैद्यांचा सल्ला आहे. तपासणींत मांसांकुर दिसला तर तो तेथेंच काढतां येतो, आणि रोग होण्यापूर्वींच टळतो. भावाला खरें सांगितलें नाहीं, तर त्याला ही संधि मिळणार कशी? आणि एक भीति मनांतून काढून टाकावी : हा रोग रोग्याच्या शरीरांत फिरतो, माणसामाणसांत फिरत नाहीं. रोग्याचें ताट-वाटी निराळें करणें, नातवंडांना त्यांच्या मांडीवर बसूं न देणें, यांनीं कोणाचें रक्षण होत नाहीं; रोग्याचें मन मात्र मोडतें.

तेव्हां ज्यांच्या घरीं असा रोगी आहे त्यांनीं इतकें करावें. शस्त्रक्रियेचे कागद आणि तुकड्याच्या तपासणीचा अहवाल एका पिशवींत ठेवून प्रत्येक नव्या डॉक्टरांस दाखवावा. परत उद्भवणाऱ्या रोगांपैकीं सुमारें शेंकडा ऐंशी पहिल्या तीन वर्षांत उद्भवतात. म्हणून तेवढ्या काळांत ठरलेल्या तपासण्या चुकवूं नयेत, आणि पांच वर्षें त्या चालू ठेवाव्यात. नवी टणक गांठ, रात्रींहि न थांबणारें हाडाचें दुखणें, नवा खोकला, बधिरता, बेंबीशीं किंवा जुन्या व्रणापाशीं कठीणपणा, यांपैकीं कांहीं दोन आठवड्यांहून अधिक टिकलें तर दाखवावें. पायांतली शक्ति कमी होऊं लागली तर मात्र एक दिवसहि थांबूं नये.

जेथें रोग हटविणें शक्य नसतें, तेथेंहि करण्यासारखें पुष्कळ असतें. हाडाच्या वेदनेवर क्षकिरणांचे थोडे उपचारहि पुष्कळदां चांगला आराम देतात, आणि योग्य मात्रेंत दिलेल्या मॉर्फीनविषयींची भीति निराधार आहे. अशा रोग्यांच्या शुश्रूषेसाठीं मुंबईंत वांद्रें येथें इ. स. १९८६ मध्यें ‘शांति अवेदना’ ही संस्था सुरू झाली. या प्रकारची ती भारतांतील पहिलीच होय. रोग्याला किती सांगावें हें त्याच्या स्वभावावर आहे, आणि तें एकदम न सांगतां त्यानें विचारलें तसें सांगावें. परंतु जो स्वतः विचारतो, त्याला खोटें सांगूं नये. आपल्या हातांत किती दिवस आहेत याचा अंदाज असला, तर माणूस मुलांचे व्यवहार मार्गीं लावतो, ज्याच्याशीं बोलणें तुटलें असेल त्याला बोलावून घेतो, राहिलेलीं तीर्थें करतो. तेवढा वेळ त्याचा आहे. तो आपण त्याच्यापासून लपवून ठेवूं नये.